लॅपटॉपवर चहा सांडलाय? आधी करंट तोडा, बाकीचं नंतर

आत्ता या क्षणी सांडलेलं असेल आणि तुम्ही मोबाइलवर हे वाचत असाल तर बाकी सगळं नंतर, आधी एवढं करा. चार्जर लावलेला असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा आणि मगच पिन काढा. बोर्डावर किंवा एक्स्टेन्शनवरही सांडलं असेल तर त्याला हातच लावू नका, सरळ मेन स्विच पाडा. मग लॅपटॉपचं पॉवर बटण दाबून धरा, स्क्रीन पूर्ण काळी होईपर्यंत, दहा सेकंद तरी. शट डाउन शोधत बसू नका, एक्सेलची फाइल सेव्ह करायची राहिलीय तर राहू दे. माउस, पेन ड्राइव्ह, हेडफोन, एचडीएमआय, जे काही लावलंय ते काढा. जुना लॅपटॉप असेल आणि खाली बॅटरीची खटकी असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवा.

वर जे दिसतंय ते सुती कापडानं टिपून घ्या. घासू नका, घासलं की ते बटणांच्या फटीतून आणखी आत जातं. मग जमिनीवर जाड टॉवेल टाका, लॅपटॉप उघडा ठेवूनच उलटा करा आणि कौलारू घराच्या छपरासारखा उभा करा, कीबोर्ड आणि स्क्रीन दोन्ही आतल्या बाजूला, बिजागरी वर. हलवायचा नाही, झटकायचा नाही.

आणि चालू करून बघायचं नाही. आज नाही, उद्या सकाळी पण नाही.

झालं एवढं? मग आता निवांत वाचा.

मी पुण्यात लॅपटॉप रिपेअरिंगचं काम करतो, चिप लेव्हलचं, म्हणजे मदरबोर्डवरचे छोटे छोटे पार्ट बदलायचं, बारा वर्षं होत आली. इतक्या वर्षांत सांडलेले लॅपटॉप किती बघितले ते मोजले नाहीत पण एक गोष्ट पक्की कळलीय, की सांडल्यामुळे जितके मेले त्याहून जास्त सांडल्यानंतर चालू करून बघितल्यामुळे मेले. म्हणून हे सगळं लिहितोय.

मागच्या वर्षी एक मुलगी आली होती, एमएस्सीला, हॉस्टेलवर राहणारी. रविवारी सकाळी चहा सांडला, तिनं घाबरून लगेच बंद केला ते बरोबर केलं, पण मग मैत्रिणींनी सांगितलं म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला आणि मंगळवारी चालू केला. चालू झाला! सगळं व्यवस्थित, फक्त एक-दोन बटणं चिकटत होती, तिचा जीव भांड्यात पडला आणि ती परत डेझर्टेशन लिहायला बसली. शनिवारी रात्री चार्जिंगला लावलेला असताना बंद पडला तो पडलाच. काउंटरवर तिचा एकच प्रश्न होता, दादा, खराबच व्हायचा होता तर मंगळवारी चालू कसा झाला?

या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की बाकी काय करायचं ते तुमचं तुम्हाला कळेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाणी मारत नाही, पाण्यातला करंट मारतो

अगदी शुद्ध पाण्यातून करंट फार कमी जातो. पण आपल्या नळाच्या पाण्यात क्षार असतात, बोअरच्या पाण्यात तर विचारूच नका, आणि चहात दूध, साखर सगळंच. लॅपटॉपच्या चार्जरमधून १९-२० व्होल्ट येतात, बॅटरी मॉडेलप्रमाणे साधारण ७ ते १५ व्होल्टची असते, बोर्डावर पुढे त्याचे ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि प्रोसेसरसाठी १ व्होल्टच्या आसपास असे वेगवेगळे सेक्शन होतात, डिस्प्लेच्या बॅकलाइटला तर उलट वाढवून वीसच्या वर नेतात. आणि हे सगळं इतकं दाटीवाटीनं असतं की कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये अर्धा मिलिमीटर जागा असते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. आता अशा दोन पिनांवर ओलावा बसला, एकीला १२ व्होल्ट आणि शेजारची ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची, की शाळेत तांब्याचा मुलामा देण्याचा जो प्रयोग असतो ना तोच तिथं सुरू होतो. एका पिनेचं तांबं विरघळायला लागतं आणि दुसरीकडे जाऊन साचतं. तुम्हाला वरून काहीच दिसत नाही, लॅपटॉप चालू असतो, तुम्ही टाइप करताय, आणि आत पीन झिजत चाललीय.

त्या मुलीचा बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला तेव्हा कीबोर्डच्या कनेक्टरपाशी हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड होती, तांब्याच्या भांड्यावर कळकतं तशी. शेजारच्या एका कपॅसिटरचा एक पाय पूर्ण खाल्ला गेलेला, नुसता ब्रश लावला तर तो पार्ट निघूनच आला. आणि चार्जिंग सेक्शनला चहाचा तपकिरी ओघळ, तो वरून वाळलेला पण खालून चिकट. साखर हवेतला ओलावा ओढून घेते म्हणून तो पूर्ण वाळतच नाही. म्हणजे मंगळवारी चालू झाला कारण तेव्हा अजून काही तुटलं नव्हतं. मंगळवार ते शनिवार जो करंट त्यातून गेला त्यानं तोडलं. पहिल्याच दिवशी उघडून धुतला असता तर बहुतेक एका कीबोर्डवर भागलं असतं.

अजून एक, लॅपटॉप बंद म्हणजे पूर्ण बंद नसतो. तुम्ही बटण दाबलं हे कळण्यासाठी, घड्याळ चालू राहण्यासाठी आत थोडा करंट फिरतच असतो, जोपर्यंत बॅटरी जोडलेली आहे तोपर्यंत. आणि नुसतं झाकण लावलं तर तो बंदही होत नाही, झोपतो फक्त. त्यामुळे आतली बॅटरी सोडवणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं तेच कोणी करत नाही कारण हल्लीच्या लॅपटॉपमध्ये ती बाहेरून दिसतच नाही.

बॅटरी कशी सोडवायची

तुम्ही कधी लॅपटॉप उघडला असेल किंवा घरात कोणाचा हात बसलेला असेल तर हे घरी होतं. खालच्या पत्र्याचे स्क्रू काढायचे, बहुतेकांना छोटा फुलीचा स्क्रूड्रायव्हर लागतो, मॅकबुकला पाच पाकळ्यांचा वेगळा येतो. एखाद-दोन स्क्रू रबरच्या पायांखाली लपवलेले असतात, पत्रा उघडत नसेल तर जोर करू नका, तिथं बघा. स्क्रू काढताना ते ज्या जागेवरून निघाले तशाच आकारात कागदावर मांडा आणि फोटो काढा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो थेट बोर्डात घुसतो, असे बोर्ड पण माझ्याकडे येतात. कडेनं उचकटायला जुनं एटीएम कार्ड चालतं, सुरी किंवा पान्हा नको.

पत्रा निघाला की हाताच्या बाजूला जे मोठं काळं आयताकृती दिसतं ती बॅटरी, तिच्यातून एक जाडसर वायरींचा झुबका किंवा पट्टी बोर्डाकडे जाते. तो कनेक्टर काही मॉडेलमध्ये वर उचलून निघतो, काहींमध्ये आडवा सरकवून, तर तुमच्या मॉडेलचं नाव टाकून एखादा व्हिडिओ बघा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं किंवा नखानं काढा. धातूचं काही नको, बॅटरीत जीव आहे अजून. लेनोवोच्या बऱ्याच थिंकपॅडना खाली पिन घालायचं छोटं भोक असतं, सरळ केलेली पेपर क्लिप त्यात दाबली की आतला पुरवठा तात्पुरता तोडला जातो, ते माहीत असू द्या पण कनेक्टर काढणं कधीही चांगलं. आणि थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपना कीबोर्डवर पडलेलं पाणी खालून बाहेर जायला वाट दिलेली असते, तसा असेल तर लगेच उलटा करू नका, सरळच धरून थोडा उचला, खालून निथळू द्या, मग टॉवेलवर.

छपरासारखा का ठेवायला सांगितला तेही सांगतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये मदरबोर्ड बिजागरीच्या बाजूला असतो आणि बॅटरी मनगटं टेकतो त्या बाजूला. बिजागरी वर ठेवली की ओघळ बोर्डापासून लांब जातो. स्क्रीनच्या बाजूला कलवू नका, स्क्रीनच्या आत पातळ कागदासारखे थर असतात, त्यांच्यामध्ये पाणी गेलं की ढगासारखे डाग पडतात आणि ते काही केल्या पुसले जात नाहीत, पॅनेलच बदलावं लागतं.

घरी उघडणं जमणार नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, पण मग त्याच दिवशी दुकानात न्या. परवा सुट्टी आहे तेव्हा नेऊ असं नको. तसाच उघडा, उलटा, टॉवेलमध्ये धरून न्या, बॅगेत उभा कोंबून नको, आणि तिथं गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा की दादा, आधी आत्ता माझ्यासमोर बॅटरी सोडवा. बाकी काम दोन दिवसांनी केलं तरी फरक थोडा पडतो, बॅटरी मात्र आत्ता.

काय सांडलं त्यावर बरंच आहे

आरओचं साधं पाणी थोडंसं सांडलं असेल आणि लगेच करंट तोडला असेल तर तुम्ही नशीबवान. बोअरचं पाणी त्याहून वाईट. कोरा चहा, ब्लॅक कॉफी मधलं. दुधाचा गोड चहा वाईट कारण साखर चिकटते, दुधातला स्निग्ध भाग बसतो, दोन दिवसांनी वास येतो आणि मग मुंग्या लागतात, कीबोर्ड उघडल्यावर आतून मुंग्यांची रांग निघालेली मी स्वतः बघितलीय. कोल्ड्रिंक म्हणजे साखर आणि वर आम्ल, कोलामध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं. पण लोकांना वाटत नाही इतकी खतरनाक दोन पेयं आपल्या घरातली आहेत, लिंबू सरबत आणि ताक. दोन्ही आंबट आणि दोन्हीत मीठ, मीठ घातलं की त्या पाण्यातून करंट धो धो जातो. आमटी-सांबाराचं पण तेच. शहाळ्याचं पाणी लोकांना निरुपद्रवी वाटतं पण त्यातही क्षार आणि साखर भरपूर. आणि सगळ्यात वाईट समुद्राचं पाणी, एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं त्यात. गोव्याला, अलिबागला शॅकवर बसून काम करणारे असतात, लाट आली आणि बॅग भिजली, तर अशा वेळी तो सुकवायच्या नादी लागूच नका, मीठ आत सुकलं तर ते तिथंच बसून राहतं आणि पुढच्या दमट हवेत परत ओलं होतं. तो काही तासांच्या आत उघडून धुवायलाच हवा.

हो, धुवायलाच. लोकांना ऐकून धक्का बसतो की पाणी गेलेला बोर्ड तुम्ही परत धुता? हो. कारण आपलं भांडण ओलाव्याशी कमी आणि मागं राहणाऱ्या घाणीशी जास्त आहे. करंट पूर्ण तोडलेला बोर्ड ओला झाला तर लगेच काही बिघडत नाही.

तांदूळ, ऊन, ड्रायर

तांदळात ठेवू नका. तांदूळ उघड्या हवेपेक्षा काही जास्त ओढून घेत नाही, उलट बंद डब्यात हवा खेळत नाही, तांदळाचा भुसा आणि पीठ पोर्टमध्ये आणि पंख्यात जातं. ॲपलनं तर २०२४ मध्ये आयफोनच्या बाबतीत स्पष्ट लिहून सांगितलं की तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. आणि तांदळानं सगळा ओलावा जरी ओढला असं धरलं तरी साखर, दूध, मीठ कुठं जाणार? ते आतच.

हेअर ड्रायर नको, गरम हवेनं बटणं वाकतात आणि वाऱ्याच्या जोरानं पाणी जिथं गेलं नव्हतं तिथं ढकललं जातं. गच्चीवर उन्हात पापड घालतात तसा ठेवू नका, एप्रिल-मेमधल्या आपल्या उन्हात काळा पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, आत लिथियमची बॅटरी आहे. व्हॅक्यूम क्लीनरनं स्टॅटिक, म्हणजे घर्षणाची वीज तयार होते, तोही नको. फ्रिजमध्ये ठेवायचं डोकं कोणाचं ते माहीत नाही पण तसेही येतात, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं, अजिबात करू नका.

सुकवायचं तर साधा टेबल फॅन, समोर दोन-तीन फुटांवर, पत्रा उघडलेला असेल तर फारच उत्तम. उन्हाळ्यात दोन दिवस धरा. पावसाळ्यात, आणि त्यातून तुम्ही कोकणात किंवा मुंबईत असाल तर तीन-चार दिवस, कारण हवेतच इतकं पाणी असतं की ओलावा जाणार कुठं. घरी एसी असेल तर त्या खोलीत ठेवून एसी ड्राय मोडला लावा, तो हवेतला दमटपणा काढतो, जुलैमध्ये याचा खरंच फायदा होतो. पण सुकवणं म्हणजे साफ करणं नव्हे, गोड-खारट काही सांडलं असेल तर नुसतं सुकवून भागणार नाही.

साफ करायचं कसं

हे ज्यांना उघडता येतं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना येत नाही त्यांनी दुकानदार नेमकं काय करतो ते कळावं म्हणून वाचा.

लागतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात आयपीए म्हणूनच मागायचं, ९९ टक्केवालं. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या भागात मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाहीतर ऑनलाइन. हात धुवायचं सॅनिटायझर म्हणजे हेच असं समजून ते चोपडू नका, त्यात पाणी असतं, ग्लिसरीन असतं, जेल असतं, ते सगळं बोर्डावर राहतं.

आता यात एक गोष्ट बरेच जण चुकतात. आयपीएमध्ये साखर जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे गोड चहा सांडलाय आणि तुम्ही नुसतं आयपीए घासत बसलात तर दूध-तेलाचा भाग निघेल पण साखरेचा पातळ थर पसरून तिथंच बसेल. म्हणून गोड किंवा खारट काही असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटर. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ना स्पेअर पार्टच्या दुकानात, ते. बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलेलं वाचून घ्या, बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं, ते उचलू नका. बॅटरी बाहेर, बटण सेल असेल तर तोही बाहेर, रॅम आणि एसएसडी (जिच्यात तुमचा डेटा असतो ती) काढलेली, मग मऊ टूथब्रश त्या पाण्यात बुडवून डागाच्या जागी हळू हळू फिरवायचा, विशेषतः कीबोर्डची पट्टी जिथं लागते तो कनेक्टर, रॅमचा स्लॉट, चार्जिंगची जागा, आणि पत्र्याच्या छोट्या झाकणांच्या खाली. झाकण वरून स्वच्छ दिसतं आणि खाली तळं असतं, नेहमीचं आहे हे. मग आयपीएनं भरपूर धुवायचं, ते पाण्यात पूर्ण मिसळतं आणि उडताना पाणी सोबत घेऊन जातं. स्क्रीनवर मात्र आयपीए उडवू नका.

आयपीए पेट्रोलसारखं पेटतं. खिडक्या उघडा, गॅस बंद, आणि आपल्या घरात विसरलं जातं ते म्हणजे देवघरातला दिवा आणि उदबत्ती, ते विझवून किंवा दुसऱ्या खोलीत बसून काम करा. लहान मुलं जवळ नकोत.

चांगल्या दुकानात यासाठी अल्ट्रासोनिक मशीन असतं, टाकीत बोर्ड बुडवतात आणि आवाजाच्या लहरींनी चिपांच्या पोटाखालची घाण पण निघते, ब्रश तिथं पोचूच शकत नाही. समुद्राचं पाणी, ताक, कोल्ड्रिंक असेल तर मी म्हणेन घरी प्रयोग नको, बॅटरी सोडवा आणि असं मशीन असलेला माणूस शोधा.

कीबोर्ड धुवून वाचतो का हा प्रश्न रोज येतो. पाणी असेल तर वाचतो कधी कधी. चहा असेल तर मी धुवत बसत नाही, आत प्लास्टिकचे तीन पातळ थर असतात, त्यांच्यामध्ये साखर गेली की आज एक बटण, परवा चार. मदरबोर्डच्या मानानं कीबोर्डचा खर्च फारच कमी, बदलून टाका. आणि खराब कीबोर्ड तसाच लावून ठेवू नका, पॉवरचं बटण बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच कीबोर्डवर असतं, ते आतून चिकटलं तर लॅपटॉप आपोआप चालू-बंद होत राहतो आणि लोकांना वाटतं मदरबोर्ड गेला.

परत चालू करताना

पूर्ण सुकलं, साफ झालं, मगच. आधी बॅटरी बघा, फुगलेली, ओली, गोडसर किंवा थिनरसारखा वास येणारी असेल तर ती परत लावायची नाही, टोचायची नाही, घंटागाडीतही टाकायची नाही. फरशीवर, पडदे-कागदांपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी ठीक असेल तर जोडा आणि चार्जर न लावता चालू करा. पहिली पाच मिनिटं हात खाली ठेवून बसा, एकाच ठिकाणी चटका लागतोय, जळका वास येतोय, पंखा फुल आणि स्क्रीन काळी, बटणं आपोआप टाइप होतायत, यातलं काहीही झालं तर लगेच बंद आणि बॅटरी परत सोडवायची. सगळं नीट असेल तर आधी डेटा कॉपी करा, चार्जर त्याच्यानंतर. पहिला आठवडाभर चार्जिंगला लावून झोपू नका.

दुकान निवडताना

दुकानदाराला विचारा की बोर्ड बाहेर काढून, झाकणं उघडून साफ करणार का. जो म्हणतो ब्लोअर मारून तासाभरात सुकवून देतो, त्याच्याकडून उठा. खर्चाचा आकडा आणि तपासणीची फी आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. लॅपटॉपच्या आतले, बोर्डाचे फोटो मागा, कामाच्या आधीचे आणि नंतरचे, काम करणारा माणूस ते आनंदानं देतो.

आणि एक विनंती, काय सांडलं ते खरं सांगा. लोकांना संकोच वाटतो, बिअर सांडलेली असते आणि पाणी म्हणतात. आम्हाला कोणाला नावं ठेवायची नसतात हो, आधी पाण्यानं धुवायचं का थेट आयपीए ते त्यावर ठरतं. काय, किती, साखर-मीठ होतं का, किती वाजता, त्यानंतर किती वेळा चालू केला, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या.

वॉरंटीचं म्हणाल तर कंपनीच्या साध्या वॉरंटीत सांडलेलं बसत नाही. त्यासाठी ॲक्सिडेंटल डॅमेजचा वेगळा प्लॅन असतो, घेतलेला असेल तर स्वतः उघडायच्या आधी त्यांना फोन करा. आपोआप बंद पडला असं सांगून चालत नाही, बऱ्याच लॅपटॉपमध्ये आत छोटे पांढरे स्टिकर असतात, पाणी लागलं की लाल होतात आणि ते परत पांढरे होत नाहीत.

डेटा

हे शेवटी लिहितोय पण तुमच्यासाठी कदाचित हेच पहिलं असेल. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी ही च्युइंगगमच्या पट्टीसारखी वेगळी असते, एका स्क्रूवर बसवलेली, आणि बोर्ड मेला तरी ती बऱ्याचदा जिवंत असते. ती काढायची, सुकली-साफ झाली याची खात्री करायची, यूएसबीच्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबी वायर लागणाऱ्या छोट्या डबीत घालायची आणि दुसऱ्या लॅपटॉपला लावायची. एन्क्लोजर घेताना आपली एसएसडी एनव्हीएमई आहे का साटा (हे तिचे दोन प्रकार) ते तिच्यावर वाचून घ्या. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि तिच्यात पाणी गेलं असेल तर लावून बघू नका, उघडू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. ॲपलच्या एम सिरीजच्या मॅकबुकमध्ये मात्र स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं असतं, तिथं डेटा हवा असेल तर बोर्ड जिवंत करण्यावाचून मार्ग नाही, त्यामुळे तिथं चालू करून बघण्याचा मोह दुप्पट आवरा.

अजून एक अडचण येते. विंडोज ११ मध्ये बऱ्याच लॅपटॉपची एसएसडी आपोआप लॉक केलेली असते, बिटलॉकरनं. दुसरीकडे लावली की ती ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे लॉक उघडायची किल्ली, मागते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. लॅपटॉप चांगला चालू असतानाच ती एकदा शोधून कागदावर लिहून ठेवा, पासवर्ड विसरलेला असेल तर तोही आत्ताच नीट करा.

त्या चहावाल्या लॅपटॉपच्या मुलीला पण या रिकव्हरी कीनंच अडवलं होतं. बोर्ड काही वाचला नाही, चार्जिंग सेक्शनमधून १९ व्होल्ट पुढे गेले होते आणि प्रोसेसर गेला होता. एसएसडीवर एक थेंब नव्हता. मी ती काउंटरवरच्या लॅपटॉपला लावली, ४८ अंकांची चौकट आली, आणि तिला अकाउंटचा पासवर्ड आठवेना. जुना नंबर, ओटीपी, भावाला फोन, असं करत करत अर्ध्या तासानं की सापडली, ती एकेक आकडा वाचत होती आणि मी टाइप करत होतो. फोल्डर उघडल्यावर तिनं पहिल्यांदा शेवटची तारीख बघितली, शनिवार, रात्री ११ वाजून काही मिनिटं. तिथंच उभ्या उभ्या तिनं फाइल स्वतःला आणि गाइडना मेल केली आणि मग खुर्चीवर बसली.